मानलेली माणसं आणि कुलवृत्तांत

अध्यक्षमहोदय, मंडळाचे पदाधिकारी आणि धार, देवास, इंदूरहून आलेल्या आप्तेष्टांनो,

‘आप्तेष्ट’ म्हटलं ते उगाच नाही. या सभागृहात बसलेल्यांपैकी निम्मे तरी एकमेकांचे व्याही, साडू, मावसभाऊ नाहीतर चुलत सासरे असतील. अशा माणसांना कुटुंब म्हणजे काय हे सांगायला उभं राहणं म्हणजे माहेरी जाऊन आईला स्वयंपाक शिकवण्यासारखं आहे. मंडळाने विषय विचारला तेव्हा मी तो सांगून टाकला आणि मग महिनाभर पस्तावले. पण विषय मनात आला तो एका खऱ्याखुऱ्या कागदामुळे, तेव्हा त्या कागदापासूनच सुरुवात करते.

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती निघते आहे. पुण्यातले आमचे एक चुलत बंधू निवृत्तीनंतर त्या कामाच्या मागे लागले आहेत आणि फार नेटाने करत आहेत. धारच्या शाखेची मुद्रितं त्यांनी तपासायला माझ्याकडे पाठवली. कुलवृत्तांत कसा असतो ते आपल्या सगळ्यांच्या घरी कपाटात आहेच. नाव, जन्म, शिक्षण, व्यवसाय, विवाह, पत्नीचं माहेर, अपत्यं. कोणी दत्तक गेलं किंवा आलं असेल तर तशी नोंद. माझी स्वतःची नोंद वडिलांच्या नोंदीत ‘कन्या’ म्हणून एका ओळीत आहे. पुढची माहिती सासरच्या कुलवृत्तांतात पाहावी, असा त्याचा अर्थ. सासरच्यांनी अजून कुलवृत्तांत काढलेला नाही, त्यामुळे सध्या मी दोन पुस्तकांच्या मध्ये कुठेतरी उभी आहे.

चुका फारशा निघाल्या नाहीत. एक तारीख, एका नावातला काना. पण आमच्या घरात बत्तीस वर्षं राहिलेलं एक माणूस त्या पानावर नव्हतं.

१९५७ साली माझ्या वडिलांची बदली सरदारपूरजवळच्या राजगढला झाली. ते सरकारी शाळेत मास्तर होते. बाजारातल्या एका लांबट घराच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या. पलीकडच्या एका खोलीत एक विधवा बाई राहायच्या. माळवी बोलणाऱ्या, आमच्या जातीच्या नव्हेत, मूलबाळ नाही. पापड-शेवया करून, लोकांचं दळणकांडण करून पोट भरणाऱ्या. १९५९ च्या पावसाळ्यात माझ्या आईला विषमज्वर झाला. मी चार वर्षांची, भाऊ दीड वर्षाचा. वडिलांनी धारला, इंदूरला पत्रं टाकली. काका दोन दिवस येऊन गेले. काकूंचे दिवस भरत आले होते. आजोळी आजी स्वतःच अंथरुणाला खिळलेली. कोणाचीच चूक नव्हती. प्रत्येकाच्या घरी काहीतरी होतंच. तेव्हा या पलीकडच्या बाई मागच्या दाराने तांदळाची पेज घेऊन आल्या. भावाला कडेवर घेतलं. आई उठून बसायला दीड महिना लागला. तोपर्यंत मधल्या भिंतीला दार नव्हतं इतकंच. बाकी घर एकच झालं होतं. आई त्यांना ‘बहीण’ म्हणू लागली, म्हणून आमची ती मावशी झाली. १९६२ साली पुन्हा धारला बदली झाली, तेव्हा सामान बांधताना आई वडिलांना म्हणाली, “तिचीही ट्रंक घ्या.” एवढ्याच शब्दांवर मावशी आमच्याकडे आली आणि १९९१ साली आमच्याच घरी गेली.

आता मावशीला इथे थोडं थांबवते आणि आपल्या राजेलोकांकडे वळते. कारण ‘रक्ताचं ते खरं’ हे आपण ज्या ठसक्यात म्हणतो, तो ठसका आपण आपल्या सरदार-संस्थानिकांकडून घेतला, आणि त्यांच्याच घरी तो टिकलेला दिसत नाही.

धारच्या गादीचंच घ्या. आनंदराव पवार, म्हणजे दुसरे, १८०७ साली वारले तेव्हा मैनाबाई गरोदर होत्या. घरातून मुरारराव गादीसाठी टपलेले, बाहेरून शिंदे-होळकरांच्या फौजा आळीपाळीने मुलूख तुडवत होत्या. मैनाबाई मांडूला गेल्या, तिथे मुलगा झाला. त्याचं नाव रामचंद्रराव. तीन वर्षांच्या आत तो मूल गेलं. मैनाबाईंनी आपल्या बहिणीचा मुलगा मांडीवर घेतला आणि त्याचंही नाव ठेवलं रामचंद्रराव. गेलेल्या लेकराचं नाव दुसऱ्याच्या लेकराला. राज्य वाचवायचं तर गादीवर रामचंद्रराव हवाच होता, हे राजकारण झालं. पण ज्या बाईने ते नाव पुन्हा रोज हाक मारून उच्चारलं, तिच्या छातीची मला कल्पना करवत नाही. आणि जिने मूल दिलं त्या बहिणीला कोणी काही विचारलं नाही. इतिहासाला तिच्याशी काम नव्हतं. १८१९ च्या जानेवारीत कंपनी सरकारशी तह झाला आणि धारचं राज्य टिकलं, ते त्या दुसऱ्या रामचंद्ररावाच्या नावावर. १८९८ साली गादीवर आलेले उदाजीरावही दत्तकच.

देवासला याहून गंमत आहे. थोरल्या पातीचे तुकोजीराव तिसरे १८९९ साली काकांना दत्तक येऊन राजे झाले. त्यांचे चिरंजीव विक्रमसिंहराव १९३७ साली देवासच्या गादीवर बसले आणि १९४७ साली स्वतःच दत्तक होऊन कोल्हापूरला गेले, शहाजी महाराज झाले. बाप दत्तक आला, मुलगा दत्तक गेला. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज हे विक्रमसिंहरावांच्या आईचे वडील. म्हणजे तेही गेले ते आजोळीच.

ही उदाहरणं देऊन ‘पाहा, आपल्याकडे निवडीचं कुटुंब पूर्वीपासून आहे’ असं म्हणायचा मोह होतो. मी तो आवरते. कारण बहिणीचा मुलगा, पुतण्या, मुलीचा मुलगा, अशी ही निवड आहे. रक्ताचंच पाणी दुसऱ्या पाटाने आणलेलं. आणि ते कशासाठी आणलं? गादीसाठी, पिंडासाठी, नावासाठी. दत्तकाला कोणी विचारत नसे की बाबा, तू या आईला आजारपणात उठवून बसवशील का. दत्तहोम झाला, गोत्र बदललं, कागद झाला, काम झालं.

तरी त्या कागदाला हसू नये. तो नसला की काय होतं हे माळव्याने जवळून पाहिलं आहे. झाशीचे गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ ला वारले. त्याच्या आदल्याच दिवशी त्यांनी नेवाळकरांच्या भाऊबंदांतला आनंदराव हा मुलगा दत्तक घेऊन त्याचं नाव दामोदरराव ठेवलं होतं. विधी यथासांग झाला होता. डलहौसीने खासगी मालमत्तेपुरता वारस मानला, राज्यापुरता मानला नाही. पुढचं सगळं आपल्याला पाठ आहे. पाठ नसतं ते हे, की तो मुलगा पुढे आपल्या इंदुरात तुटपुंज्या पेन्शनीवर जगला आणि १९०६ साली इथेच वारला. राणीने त्याला मुलगा मानलं, लोकांनी मानलं, शास्त्राने मानलं. एका दप्तराने मानलं नाही आणि त्याचं आयुष्य त्या दप्तराच्या दारात गेलं.

मला या सगळ्यांत जवळची वाटते ती महेश्वरची गोष्ट. खंडेराव होळकर कुंभेरीला १७५४ साली पडले. मल्हारराव १७६६ साली गेले, नातू मालेराव १७६७ साली. वंश संपला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी अहिल्याबाईंना सुचवलं की नात्यातलं एखादं लहान मूल दत्तक घ्या. शास्त्राला धरूनच होतं ते. मूल लहान म्हणजे कारभार दिवाणाकडे, हे अहिल्याबाईंना कळत होतं. त्यांनी दत्तक नाकारला. आणि लष्कराचा कारभार कोणाच्या हाती दिला, तर तुकोजी होळकरांच्या. आडनाव एक, जात एक, पण मल्हाररावांशी त्यांचं जवळचं नातं काही नव्हतं. सर जॉन माल्कमने त्याच्या मध्य हिंदुस्थानच्या इतिहासात लिहून ठेवलं आहे की तुकोजी वयाने मोठे असूनही अहिल्याबाईंना आई म्हणत, आणि त्यांच्या शिक्क्यावर ते मल्हाररावांचे पुत्र असल्याचं कोरलेलं होतं.

शिक्क्यावर! होम नाही, मांडीवर बसणं नाही. चाळिशीच्या घरातला गडी कोणाच्या मांडीवर बसणार? दोघांनी एक नातं ठरवलं आणि ते शिक्क्यावर कोरलं. त्यात कुरबुरी झाल्या नाहीत असं नाही, पैशावरून तर झाल्याच. पण १७९५ साली अहिल्याबाई जाईपर्यंत, जवळजवळ अठ्ठावीस वर्षं, ते नातं मोडलं नाही. ज्या काळात सख्ख्या काकाने पुतण्याच्या जिवावर उठावं, तो हा काळ.

याच अहिल्याबाईंपुढे सिरोंजच्या एका सावकाराची निपुत्रिक विधवा तक्रार घेऊन आली होती. तिला मूल दत्तक घ्यायचं होतं आणि तिथला अंमलदार त्यापायी पैसे उकळत होता. अहिल्याबाईंनी अंमलदाराला काढलं, मुलाला स्वतःच्या मांडीवर घेऊन कपडे-दागिने दिले आणि विधवेला परत पाठवलं. स्वतः दत्तक नाकारणारी बाई दुसरीच्या दत्तकासाठी उभी राहते. कोणाला कोणतं नातं हवं ते ज्याचं त्याने ठरवावं, मधल्याने त्यावर कर घेऊ नये, असं काहीसं त्यांच्या मनात असावं असं मला वाटतं.

आता मावशीकडे येते. १९६२ साली धारला आल्यावर राशनकार्डावर नावं चढवायची होती. नाव असलं तर साखर, घासलेट. कार्ड हिंदीत, त्यात एक रकाना, ‘मुखिया से संबंध’. वडील खिडकीशी उभे, मी त्यांचं बोट धरून. बाबूने विचारलं, “ये कौन?” वडिलांनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं, “बहन.” आडनाव वेगळं आहे म्हणून बाबूला संशय यायचं कारण नव्हतं. नवरा गेलेली बहीण भावाकडे राहते, यात कोणाला काय विशेष? आपल्यातल्या किती वाड्यांत अशा आत्या होत्या ते आठवा. बाबूने लिहिलं आणि ठप्पा मारला. माझे वडील फार सरळ गृहस्थ, शाळेचा खडूसुद्धा घरी आणत नसत. सरकारी कागदावर त्यांनी सांगितलेली ही एकच खोटी गोष्ट मला माहीत आहे. मोठेपणी तुकोजींच्या शिक्क्याबद्दल वाचलं, तेव्हा मला आधी ते राशनकार्ड आठवलं.

कायद्याने त्यांना दुसरा मार्गही नव्हता. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा चांगलाच पुढे गेलेला आहे. त्याआधी दत्तक म्हणजे मुलगाच. या कायद्याने मुलगी दत्तक घेता येऊ लागली आणि अविवाहित किंवा विधवा बाईला स्वतःच्या हक्काने मूल घेता येऊ लागलं. पण मूल. मावशी दत्तक घेता येत नाही. बहीण दत्तक घेता येत नाही. पन्नाशीच्या माणसाला आपलं म्हणायची सोय लेकरांच्या कायद्यात कशी असेल?

इथे मला देवासच्या एका घराची आठवण येते, ज्याची जन्मशताब्दी आपण नुकतीच साजरी केली त्या कुमारजींच्या. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी, मातृभाषा कन्नड. लहानपणीच मुंबईत देवधर मास्तरांच्या हवाली झाला आणि त्यांच्या संगीतशाळेत वाढला. १९४७ साली भानुमती कंस यांच्याशी लग्न झालं आणि लगेच क्षय उद्भवला. कोरड्या हवेसाठी १९४८ च्या जानेवारीत दोघं देवासला आली. गाणं बंद. पाचेक वर्षं गाण्याशिवाय. भानुमतीबाई स्वतः गाणाऱ्या; त्यांनी शाळेत नोकरी धरली, घर चालवलं, नवऱ्याची शुश्रूषा केली. १९६१ साली दुसऱ्या बाळंतपणात त्या गेल्या. पुढे वसुंधराबाई आल्या, त्याही देवधरांच्याच शाळेतल्या. आधीचे दोन मुलगे आणि मागून झालेली मुलगी एकाच घरात वाढली. त्या घराचं नाव काय? ‘भानुकुल’.

आपण हजार वेळा हे नाव घेतलं असेल. जरा थांबून ऐका. कुल, आणि तेही गेलेल्या पहिल्या पत्नीच्या नावाने. आपल्या कुलवृत्तांतात कुल पुरुषापासून सुरू होतं. बायका बाहेरून येऊन त्यात भरती होतात. इथे कुलाचं मूळ एका बाईच्या शुश्रूषेत आहे, आणि दुसरी बाई त्या नावाखाली पन्नासहून अधिक वर्षं राहिली, तिथेच शिकवलं, तिथेच २०१५ साली तिने डोळे मिटले. आणि दारातून इंदूरचे राहुल बारपुते, चिंचाळकर गुरुजी, बाबा डिके यांची ये-जा. एक संपादक, एक चित्रकार, एक नाटकवाला. सख्ख्या भावांत असेल त्याहून घट्ट मैत्र होतं ते. कानडी मुलगा देवासचा झाला, तो काही गोत्राने नव्हे.

बाहेरही हे पोचतं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे चंदीगडच्या एका परिचारिकेचं प्रकरण होतं. तिने नवऱ्याच्या पहिल्या लग्नाच्या मुलांसाठी बालसंगोपन रजा घेतली होती, म्हणून स्वतःच्या बाळाच्या वेळी बाळंतपणाची रजा नाकारली गेली. न्यायालयाने ती द्यायला लावली, आणि निकालात असंही म्हटलं की कुटुंब म्हणजे आई, बाप आणि त्यांची मुलं एवढंच धरून चालणार नाही. पुनर्विवाह, दत्तक, सांभाळ यांमुळे घरात मुलांचे पालक बदलतात, लग्नाशिवायची सोबत असते, समलिंगी जोडपी असतात, आणि त्यांनाही संरक्षण हवं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती चंद्रचूड. अहिल्याबाईंना दत्तक सुचवणाऱ्या दिवाणांचं आडनावही चंद्रचूड. आडनाव एक म्हणून मी काही नातं जोडत नाही. आजच्या विषयाला ते शोभणारही नाही.

निवडीच्या नात्यांबद्दल बोलताना आपण फार गोड होतो, हेही सांगायला हवं. कोणी हौसेने कुटुंब निवडत नाही, बहुतेक वेळा आधीचं दार बंद झालेलं असतं. मूल झालं की आपल्या दारात आशीर्वाद द्यायला येतात त्या तृतीयपंथीयांचीही घराणी असतात. गुरू, चेला, गुरूभाई, गुरूचा गुरू ती नानी. सगळी नाती आहेत, वारसा आहे, म्हातारपणी सांभाळणं आहे. २०१४ साली न्यायालयाने त्यांना तिसरं लिंग म्हणून मान्यता दिली, पण ती घराणी त्याच्या कितीतरी आधीची. ती का उभी राहिली? जन्मदात्यांनी घराबाहेर काढलं म्हणून. आपण त्यांना एकवीस रुपये आणि साडी देतो आणि दार लावतो. त्यांच्यातल्या एखादीचं जन्मघर आपल्यापैकीच कोणाचं असेल, हे आपण मनात येऊ देत नाही.

आणि दुसरी, जास्त अवघड गोष्ट. ‘ती आमच्या घरच्यासारखीच आहे.’ हे वाक्य आपण कोणाबद्दल म्हणतो? स्वयंपाकाच्या बाईबद्दल, बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणारीबद्दल. सख्ख्या बहिणीला कोणी ‘घरच्यासारखी’ म्हणत नाही. त्या ‘सारखी’मध्ये सगळा हिशेब लपलेला असतो. मग मावशी आमची कोण होती? पहाटे उठून चूल पेटवायची ती. आमच्या घरी दाल-बाफले आले ते तिच्यामुळे, आणि पुरणपोळी ती आईपेक्षा मऊ करायची. तिला पगार नव्हता, कारण ती घरची होती. आजी होती तोवर श्राद्धाच्या दिवशी तिला स्वयंपाकघरात प्रवेश नव्हता, कारण ती घरची नव्हती. दोन्ही एकाच छपराखाली. माझे आईवडील चांगली माणसं होती हे म्हणताना मला हे झाकता येत नाही.

मी या प्रश्नाशी पुष्कळ वर्षं झगडले आहे. मला वाटतं, प्रेम होतं की नव्हतं हे विचारण्यात अर्थ नाही. प्रेम मालकाचंही गड्यावर असतं. विचारायचं ते हे, की ती रुसू शकत होती का. नाही म्हणू शकत होती का. मावशी रुसायची. वडिलांनी माझं शिक्षण मॅट्रिकवर थांबवायचं ठरवलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही आणि त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वडील इंदूरला जाऊन माझ्या कॉलेजचा अर्ज घेऊन आले. कपाटाच्या किल्ल्या आईच्या कमरेला होत्या तितकेच दिवस तिच्याही होत्या. आजी गेल्यावर श्राद्धाचा स्वयंपाक आईने तिच्याकडूनच करवून घेतला, आणि भटजींनी तो जेवला. इथवर माझं मन मावशीला घरची ठरवतं.

पण १९८४ साली वडिलांनी घर भावाच्या आणि माझ्या नावावर करायचा कागद केला तेव्हा तिचं नाव त्यात कोणाच्या डोक्यातही आलं नाही. राहायचा हक्क लिहून देता आला असता. वकील घरचाच होता. ती काही बोलली नाही, रुसलीही नाही. तिथे ती रुसली नाही हे मला आज सगळ्यात जास्त टोचतं. राशनकार्डावरची बहीण घराच्या कागदावर नव्हती. दत्तकाला कागद असतो आणि जीव लावणं नशिबावर. मावशीच्या वाट्याला बरोबर उलट आलं.

१९९१ च्या माघात ती गेली. भावाने अग्नी दिला. गुरुजींनी गोत्र विचारलं, तेव्हा भावाने आमचंच सांगितलं. नात्यातल्या एका घरी चौथ्या दिवशी साखरपुडा होता. निरोप आला, “तुम्हाला तिचं सुतक नाही, सगळे या.” शास्त्राने बरोबर होतं, भिन्नगोत्र, भिन्नजात, सुतक कुठलं? वडील तेव्हा शहात्तर वर्षांचे. ते निरोप आणणाऱ्याला म्हणाले, “आम्हाला दहा दिवस आहे.” आणि दहा दिवस पाळलं. देवांना हात लावला नाही. पुष्कळ दिवस ते घर आमच्याशी धड बोलत नव्हतं, पुढे नातवंडांच्या निमित्ताने जमलं.

महालय करणाऱ्यांना माहीत असेल, भाद्रपदातल्या तर्पणाची यादी बापआजापणजांवर संपत नाही. आईच्या बाजूचे, सासरे, मग गुरू, शिष्य आणि शेवटी आप्त. म्हणजे विश्वासाची माणसं. शिवाय ज्यांचे कोणी बांधव नाहीत, त्यांच्यासाठीही पाणी सोडतात. रक्ताचा एवढा काटेकोर हिशेब ठेवणाऱ्या शास्त्रकारांनी हा दरवाजा उघडा ठेवला आहे. भाऊ दर वर्षी ‘आप्त’ आलं की मावशीचं नाव घ्यायचा. आता भाऊही नाही. त्याचा मुलगा पुण्यात असतो, तो महालय करत नाही. मी मुलगी, मला कोणी बसवणार नाही; मी बसते. ज्यांना आक्षेप असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर भेटावं.

तर मुद्रितावर मी वडिलांच्या नोंदीत एक ओळ वाढवून पुण्याला पाठवली. बंधूंचा फोन आला. फार प्रेमळ माणूस. म्हणाले, “ताई, भावना समजते, पण नोंद कशी करू? नातं काय लिहू? मावशी म्हटलं तर ती आईकडची, ती आपल्या कुलात येत नाही. शेवटी ऋणनिर्देशात छापू का?” ऋणनिर्देशात छापखान्याचे, कागद देणाऱ्यांचे आभार असतात. मी विचार करून सांगते म्हटलं.

त्या रात्री ट्रंक काढली. तिचीच ट्रंक, राजगढहून आलेली. तळाशी राशनकार्ड होतं, घड्यांवर फाटलेलं, ठप्पा अजून वाचता येतो. मावशी आम्ही म्हणत होतो, पण कार्डावर ती वडिलांची बहीण आहे. म्हणजे आजोबांची मुलगी. म्हणजे आमची आत्या. आणि आत्याला कुलवृत्तांतात एक ओळ मिळते, मला मिळाली तशीच.

कार्डाची झेरॉक्स जोडून मी बंधूंना लिहिलं आहे की आजोबांच्या नोंदीत, कन्यांमध्ये, शेवटी हे नाव घ्या. पुरावा सोबत आहे. पुस्तक दिवाळीनंतर छापायला जाणार आहे. अजून उत्तर आलेलं नाही.